मशीन मेल्यावर लॉग कुठे असतो?

"स्लॅश व्हार, स्लॅश लॉग, स्लॅश क्लस्टर." फोनवर हा पत्ता सांगण्यात माझ्या नोकरीची वीसेक वर्षं गेली. पलीकडे कुणीतरी नवखा मुलगा डेटासेंटरच्या थंडीत कुडकुडत काळ्या पडद्यावर तो टाइप करत असतो आणि थोड्या वेळाने हमखास म्हणतो, "मॅडम, इथे तर काहीच नाही." फाइल तिथे नसते, किंवा असते पण रिकामी, किंवा चांगली भरलेली असते पण आपल्याला हवी ती पाच मिनिटं तेवढी तिच्यात नसतात.

आधी क्लस्टर म्हणजे काय ते सांगते. बँकेचा किंवा इस्पितळाचा सगळा कारभार एकाच सर्व्हरवर ठेवला, तर तो बसला की सगळंच बसतं. म्हणून दोन किंवा जास्त सर्व्हर उभे करतात आणि एक पडला तर दुसऱ्याने आपणहून काम उचलावं (याला फेलओव्हर म्हणतात) यासाठी त्यांच्यावर खास सॉफ्टवेअर चढवतात. या व्यवस्थेला हाय अव्हेलेबिलिटी म्हणतात, आम्ही बोलताना नुसतं एचए. त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड. लिनक्सवर हे काम बहुतेक ठिकाणी दोन प्रोग्राम मिळून करतात. कोरोसिंक नोडांमध्ये सतत एक टोकन फिरवत ठेवतो. ते ठरल्या वेळेत पोचलं नाही तर कुणीतरी गेलं असं धरतो. ही मुदत मुळात एक सेकंद होती, नव्या आवृत्त्यांत तीन सेकंद आहे. पेसमेकर त्याचं ऐकून निर्णय घेतो: डेटाबेस कुठे चालवायचा, आयपी पत्ता कुणाला द्यायचा. आणि दोघेही आपण काय पाहिलं, काय केलं ते वेळेसह लिहीत जातात. तो लॉग.

आता यातली क्रूर गोष्ट. दोन नोडांमधला संपर्क तुटला की दोघांनाही वाटतं, समोरचा मेला. मग दोघेही डेटाबेस सुरू करतात, एकाच डिस्कवर लिहायला लागतात आणि खातेदारांच्या शिलकेचा पार विचका होतो. म्हणून नियम असा, की काम उचलण्याआधी समोरचा मेलाच आहे याची खात्री करायची, म्हणजे त्याची वीज तोडायची. याला फेन्सिंग म्हणतात. पेसमेकरमध्ये या भागाचं नाव स्टोनिथ. 'दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला' या इंग्रजी वाक्याचं ते लघुरूप आहे. आमच्या धंद्यातला विनोद हा असाच.

गोळी बसलेलं मशीन निरवानिरव करत नाही. फाइली मिटत नाहीत, मेमरीत साठलेलं डिस्कवर उतरत नाही. आणि तो नोड का मारावा लागला, याचं उत्तर बरेचदा त्याच्याच शेवटच्या काही सेकंदांत असतं. म्हणून लॉगची जागा ठरवताना मी सगळ्यात आधी हे विचारते, की ज्या मरणाची हकीकत या फाइलीत यायची आहे, त्या मरणातून ती फाइल वाचणार आहे का? बाकीचं सगळं नंतर.

वाटतं त्यापेक्षा हे अवघड आहे. प्रोग्रामने फाइलीत ओळ लिहिली म्हणजे ती डिस्कवर गेली असं नसतं. लिनक्स ती आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीने खाली उतरवतो. नेहमीच्या मांडणीत बदललेला मजकूर ३० सेकंदांपर्यंत मेमरीत राहू शकतो. तेवढ्यात वीज गेली तर ती ओळ गेली. हल्लीच्या लिनक्समध्ये सिस्टमडीबरोबर येणारा जर्नल हा लॉगचा कारभारी असतो. तो आपला मजकूर डिस्कवर पक्का करतो तो साधारण दर पाच मिनिटांनी. अतिगंभीर संदेश आला तरच लगेच. त्याहून मोठी मेख पुढे आहे. नेहमीच्या मांडणीत 'व्हार लॉग'मध्ये 'जर्नल' नावाची डिरेक्टरी असेल तरच हा जर्नल डिस्कवर लिहितो. नसेल तर 'रन' नावाच्या जागेत लिहितो, आणि ती जागा म्हणजे निव्वळ मेमरी. मशीन रीबूट झालं की सगळं साफ. काही वितरणांमध्ये ही डिरेक्टरी आयती येत नाही, स्वतः बनवावी लागते. एक 'एमकेडीआयआर'ची कमांड! तेवढी न दिल्यामुळे मूळ कारण शोधणाऱ्या किती आरसीए अहवालांत 'कारण सापडले नाही' असं लिहिलं गेलं असेल, देव जाणे.

एका पतसंस्थेत नेमकं हेच पाहिलं. दोन नोड, एक डेटाबेस, मांडणी आधीच्या एका ठेकेदाराने करून दिलेली. रात्री दिवसअखेरचं काम, म्हणजे डे-एंड, चालू असताना पहिला नोड मारला गेला, दुसऱ्याने काम उचललं आणि सकाळी शाखा वेळेवर उघडल्या. क्लस्टरने चोख काम केलं होतं. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं, मग संचालक मंडळाने कारण विचारलं, आणि मेलेल्या नोडवर कारणाचा मागमूस नव्हता, कारण लॉग फक्त जर्नलमध्ये जात होता आणि जर्नल मेमरीत राहत होता. व्यवस्थापक मला म्हणाले, "अहो मॅडम, एवढं महागाचं सॉफ्टवेअर, आणि ते काही लिहून ठेवत नाही?" लिहीत होतं हो, फक्त जागा चुकीची होती. शेवटी वाचलेल्या नोडच्या लॉगवरून आणि नेटवर्क स्विचच्या नोंदींवरून उलगडा झाला. बॅकअपची वेळ कुणीतरी बदलून डे-एंडवर आणली होती, बॅकअप आणि टोकन एकाच नेटवर्क कार्डावरून जात होते, आणि बॅकअपच्या लोंढ्यात टोकन अडकत होतं.

जागा सांगायची कुठे, हे तसं सोपं आहे, पण त्यात दोन-तीन खड्डे आहेत. कोरोसिंकची मांडणी 'ईटीसी'खाली कोरोसिंकच्या डिरेक्टरीत 'कोरोसिंक डॉट कॉन्फ' या फाइलीत असते. तिच्यात 'लॉगिंग' असा एक कप्पा आहे. त्यात 'लॉगफाइल'पुढे पूर्ण पत्ता द्यायचा आणि 'टू लॉगफाइल'पुढे 'येस' लिहायचं. लोक पहिली ओळ लिहितात, दुसरी विसरतात. पत्ता दिला पण लिहायला सांगितलंच नाही, तर फाइल जन्मालाच येत नाही, आणि क्लस्टर मात्र मजेत चालू राहतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पेसमेकरचा पत्ता वेगळ्या ठिकाणी द्यावा लागतो. रेड हॅट आणि सुसे यांच्या घराण्यात 'ईटीसी सिस्कॉन्फिग'मधल्या 'पेसमेकर' फाइलीत, डेबियनच्या घराण्यात 'ईटीसी डीफॉल्ट'मध्ये. तिथे 'पीसीएमके लॉगफाइल' असं एक चल असतं. ही फाइल प्रत्येक नोडची आपापली. पेसमेकर आपल्या सेवांची मांडणी सगळ्या नोडांवर आपोआप एकसारखी ठेवतो, पण स्वतःच्या लॉगचा पत्ता नाही ठेवत. त्यामुळे एका नोडवर फाइल 'व्हार लॉग'मध्ये आणि दुसऱ्यावर कुणी हौसेने 'डेटा' नावाच्या डिस्कवर टाकलेली, हे दृश्य नेहमीचं.

आणि जुन्या माणसांची अडचण आणखी निराळी. आधीच्या काळात पेसमेकर कोरोसिंकच्या लॉगच्या मांडणीकडे बघून चालायचा, त्यामुळे दोघांचं मिळून एकाच फाइलीत वाचायची सवय झाली होती. २०१८ मध्ये पेसमेकरची २.० आवृत्ती आली आणि त्याने हे नातं तोडलं. आता त्याचा सविस्तर लॉग 'व्हार लॉग पेसमेकर' या त्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीत जातो. निर्णय चांगला होता. पण अपग्रेडनंतर कित्येक महिने लोक जुनीच फाइल उघडून बसत आणि म्हणत, पेसमेकरने लिहिणं बंद केलंय. शिवाय सिस्टमच्या सामाईक लॉगमध्ये, म्हणजे सिस्लॉगमध्ये, पेसमेकर फक्त 'नोटिस' आणि त्यावरचे संदेश पाठवतो. बारीकसारीक विचारप्रक्रिया हवी असेल तर त्याची स्वतःचीच फाइल उघडावी लागते.

पत्ता बदलायची मुभा आहे म्हटल्यावर काही हुशार मंडळींना एक कल्पना सुचते. दोन्ही नोडांना जोडलेली सामाईक डिस्क आहेच, तर लॉग तिच्यावरच ठेवू, म्हणजे एकाच जागी सगळं मिळेल. ऐकायला फार बरं वाटतं. पण ती डिस्क एका वेळी एकाच नोडकडे असते आणि ती कुणाकडे द्यायची हे ठरवतो क्लस्टरच. म्हणजे डिस्क का जोडली गेली नाही, ही तक्रार क्लस्टरने त्या न जोडलेल्या डिस्कवरच लिहायची! डेटाबेसचा स्वतःचा लॉग डेटाबेसबरोबर या नोडवरून त्या नोडवर गेला तर हरकत नाही, उलट सोयीचं होतं. क्लस्टरचा लॉग मात्र क्लस्टरच्या ताब्यातल्या कुठल्याही वस्तूवर असता कामा नये. तो त्या-त्या नोडच्या स्वतःच्या, आतल्या डिस्कवरच हवा.

नेटवर्कवरच्या डिस्कवरही तो नको, आणि याचं कारण जुनं आहे. मी शिकले तेव्हा पेसमेकर स्वतंत्र नव्हता. सगळीकडे हार्टबीट होतं, ॲलन रॉबर्टसन यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या लिनक्स-एचए प्रकल्पातलं. त्याच्या 'एचए डॉट सीएफ' फाइलीत दोन पत्ते असायचे, एक 'एचए-लॉग'चा आणि एक 'एचए-डीबग'चा. पुढे त्यात लॉग लिहिण्यासाठी एक वेगळा प्रोग्रामच बसवला गेला. कारण असं, की 'मी जिवंत आहे' हे दर क्षणाला सांगणारा प्रोग्राम जर स्वतःच डिस्कवर लिहीत बसला आणि डिस्क अडकली, जशी नेटवर्क गेल्यावर नेटवर्कवरची अडकते, तर तोही अडकतो. समोरच्याला निरोप जात नाही, समोरचा त्याला मेला समजतो आणि धडधाकट नोडला गोळी घालतो. लॉग लिहिण्यापायी मेला, असं सरकारी कागदावर लिहायची वेळ येते.

जागा म्हणजे नुसता पत्ता नव्हे, तिथे ऐसपैसपणाही लागतो. 'व्हार'ला वेगळं पार्टिशन द्यावं आणि जमलं तर 'व्हार लॉग'ला आणखी वेगळं. कुणीतरी तपासासाठी डीबग चालू करतं, तो बंद करायचा राहून जातो, फाइल फुगत जाते. मग 'व्हार' भरलं की पेसमेकरला आपली मांडणीही तिथेच लिहायची असते, ती लिहिता येत नाही, आणि मग जे होतं ते नुसत्या लॉगपुरतं राहत नाही. जुने लॉग दाबून बाजूला ठेवणारा लॉगरोटेट बहुतेक वेळा आयता येतो, पण तो आयत्या पत्त्यासाठी. तुम्ही फाइल हलवली आणि लॉगरोटेटला सांगितलं नाही, तर तो इमानेइतबारे रिकाम्या जागेची झाडलोट करत राहतो. एसई-लिनक्स ही सुरक्षाव्यवस्था चालू असेल तर नव्या डिरेक्टरीला योग्य लेबलही द्यावं लागतं, नाहीतर कोरोसिंकला तिथे लिहायची परवानगीच मिळत नाही. पेसमेकरच्या लॉगच्या डिरेक्टरीची मालकी 'एचए-क्लस्टर' या वापरकर्त्याला लागते, हे तर सगळेच विसरतात.

आतल्या डिस्कवर ठेवलं तरी शेवटची ३० सेकंदं बुडण्याची भीती उरतेच. म्हणून तीच ओळ लिहिल्या क्षणी क्लस्टरबाहेरच्या तिसऱ्या मशीनकडेही पाठवायची. आरसिस्लॉग हे करतो. त्याच्या मांडणीत दूरच्या मशीनच्या नावाआधी ॲटचं एक चिन्ह दिलं तर ओळ यूडीपीने जाते, म्हणजे पाठवली आणि विसरला, पोचली तर पोचली. दोन चिन्हं दिली तर टीसीपीने जाते, आणि तिथे पोचपावतीचा हिशोब असतो. एका चिन्हाचा फरक आहे, आणि गर्दीच्या वेळी हव्या त्याच ओळी गळाव्यात इतका मोठा आहे. मी दोन चिन्हं देते.

हे तिसरं मशीन कधी लागतं याचं प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटहबपेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. २२ डिसेंबर २०१२ रोजी त्यांच्याकडे नेटवर्क स्विचचं काम चालू होतं. त्यांचे फाइल सर्व्हर जोडीजोडीने उभे होते. पेसमेकर, हार्टबीट आणि दोन डिस्क सारख्या ठेवणारं डीआरबीडी अशी मांडणी होती. नेटवर्क दीडेक मिनिटं गेलं. जोडीतल्या दोघांनाही समोरचा मेल्यासारखा वाटला आणि नेटवर्क परत येताच काही जोड्यांमध्ये दोघांनीही एकमेकांना गोळी घातली. दोन्ही बंद! आता आधी कुणाला उठवायचं? ज्याच्याकडे ताजा डेटा आहे त्याला. तो कोण, हे दोघांच्या डिस्क न उघडता सांगू शकेल अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्या दोघांच्या बाहेर ठेवलेला लॉग.

दोन नोडांचे लॉग समोर आले तरी ते एकत्र वाचता यायला हवेत. माझे वडील मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर होते. लगतच्या दोन स्टेशनांमधून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद दोन्हीकडच्या रजिस्टरांत होते, प्रत्येकाची आपापली, आपापल्या घड्याळाने. अपघात झाला की चौकशीवाले दोन्ही रजिस्टरं ताब्यात घेतात आणि ओळीला ओळ लावून पाहतात. वडील रोज कंट्रोलकडून वेळ घेऊन स्टेशनचं घड्याळ जुळवायचे, त्यात कधी खंड पडला नाही.

आमच्याकडे खंड पडतो. सिस्लॉग हा एरिक ऑलमन यांनी ऐंशीच्या दशकात सेंडमेल या पत्रव्यवहाराच्या प्रोग्रामबरोबर बनवला, आणि त्याच्या जुन्या धाटणीच्या ओळीत महिना, तारीख, वेळ असते. वर्ष नसतं आणि ही वेळ कुठल्या देशाची तेही नसतं. एक नोड भारतीय वेळेवर, दुसरा यूटीसीवर, अशी जोडी मी पाहिली आहे: एकच घटना दोन फाइलींत साडेपाच तासांच्या अंतराने. या बाबतीत पुण्याच्या जुन्या मंडळींना मी मानते. क्लस्टरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हेरिटास कंपनीचं मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात होतं आणि माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी त्यांच्या क्लस्टर सर्व्हरचा 'इंजिन-ए' नावाचा लॉग वाचत हे काम शिकून घेतलं. त्यात प्रत्येक ओळ वर्षाने सुरू होते आणि संदेशाला 'व्ही-१६'ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो शोधला की अर्थ सापडतो. फाइल भरली की ती 'बी' होते, मग 'सी'. आडवळण नाही.

आता घड्याळाला कायद्याचाही धाक आहे. सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. यंत्रणांचे लॉग मागचे १८० दिवस सुरक्षित ठेवायचे आणि घड्याळं राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, असं त्यात आहे. भारतीय प्रमाणवेळ ही प्रयोगशाळाच सांभाळते. ऑडिटर आता विचारतात, १८० दिवसांचे लॉग दाखवा. आणि लॉगरोटेट तर आपल्या सवयीने काही आठवड्यांनंतरचे पुसत असतो. तिसरं मशीन असेल तर नोडवर थोडे आणि तिकडे १८० दिवसांचे, असं जमून जातं.

एक गोष्ट नवख्यांना सांगावीच लागते. सगळ्या नोडांचे लॉग सारखे नसतात. क्लस्टरमधला एक नोड निवडून समन्वयक होतो, त्याला डीसी म्हणतात, आणि कोणती सेवा कुठे न्यायची हे गणित त्याच्यावर होतं. म्हणून 'असं का केलं' याचं उत्तर फक्त त्याच्या लॉगमध्ये मिळतं. आणि डीसीच मेला तर दुसरा डीसी होतो, म्हणजे अर्धं उत्तर या फाइलीत, अर्धं त्या. शिवाय पेसमेकर प्रत्येक निर्णयाच्या वेळची परिस्थिती 'व्हार लिब'खाली 'पीई-इनपुट' नावाच्या फाइलींत जपून ठेवतो. त्या 'सीआरएम सिम्युलेट'ला दिल्या की तोच निर्णय परत करून दाखवतो. लॉगपेक्षाही मला त्यांचा जास्त आधार वाटतो, पण त्या मागितल्या तर समोरचा गोंधळतो.

नव्या ठिकाणी क्लस्टर ताब्यात घेतला की मी मांडणीची फाइल वाचून समाधान मानत नाही. शनिवारी रात्री परवानगी घेऊन एका नोडवर 'लॉगर' कमांडने एक ओळ लिहिते, लगेच त्याची वीज तोडते, आणि तो परत उठल्यावर ती ओळ कुठे-कुठे सापडते ते बघते: आतल्या डिस्कवर, जर्नलमध्ये, तिसऱ्या मशीनवर. बहुतेक वेळा पहिल्या फेरीत ती कुठल्या तरी एका जागी नसतेच. मग मांडणी सुधारायची आणि पुन्हा वीज तोडायची.

पुढे काही घडलंच तर सगळ्या नोडांवरचं एका गाठोड्यात बांधून आणणारी 'सीआरएम रिपोर्ट' ही कमांड आहे. तिला वेळेची सुरुवात आणि शेवट सांगायचा, की ती लॉग, मांडणी आणि पीई-इनपुट गोळा करते आणि पासवर्डसारख्या गोष्टी झाकूनही टाकते. हे मी प्रत्येक ठिकाणी लिहून देते, भिंतीवर चिकटवायला सांगते. तरीही घटना घडली की मला व्हॉट्सॲपवर पडद्याचा तिरपा फोटो येतो, खाली संदेश: "मॅडम, हे बघा ना काय म्हणतंय." फोटोत शेवटच्या वीस ओळी असतात, सगळ्या फेलओव्हर यशस्वी झाल्याच्या.